जिवंत आईचा हेल

आमच्याकडे माणूस गेलं की बाया हेल काढून रडतात. ते नुसतं रडणं नसतं. गेलेल्या माणसाने काय काय केलं, त्याला काय आवडायचं, त्याचं काय राहून गेलं, ते सगळं एका सुरात सांगायचं आणि ओळीच्या शेवटी "गं माय" नाहीतर "रे दादा" म्हणून आवाज लांबवायचा. सासरी असलेली लेक मयताला येते ती गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढत येते. घरातल्यांना आतूनच कळतं, लेक आली. जी न रडता येते तिला पुढे वर्षभर नावं ठेवतात.

आमची आई यात हुशार होती. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात कोणी गेलं की आईला निरोप यायचा. ती एकाची ओळ दुसऱ्याला वापरायची नाही. एकदा एक चिडका म्हातारा गेला. त्याचं कोणाशी पटलं नव्हतं. बाया गोळा झाल्या, पण त्याचं चांगलं काय सांगावं हे कोणाला सुचेना. आई एक गुडघा उभा करून बसली, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "आता दारावरून शिव्या देत कोण जाईल रे दादा, दिवस उगवला हे आम्हाला कसं कळेल." त्याच्याशी रोज भांडणारी सूनसुद्धा मग रडायला लागली.

माझी धाकटी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी चौथीनंतर तिला सांभाळायला घरी राहिले. आई मयताला गेली की ही तिच्या मांडीत जाऊन बसायची. त्यामुळे हिला बोलण्याआधी हेल आला असं आई म्हणायची. माझ्या लग्नात सगळे पंगतीच्या गडबडीत होते आणि ही दहा वर्षांची पोर मांडवाच्या खांबाला टेकून एकदम सुरू झाली, "आक्का माझी गेली गं माय, तिची गोधडी रिकामी गं माय." वऱ्हाडातल्या बाया गार पडल्या. आईने सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली.

"जित्या माणसाचा हेल काढत नसतात. आयुष्य कमी होतं त्याचं."

मला मात्र तिचं रडणं चांगलं वाटलं होतं. माझ्यासाठी त्या मांडवात दुसरं कोणी काही म्हणत नव्हतं.

मोठी झाल्यावर ती द्राक्षाच्या बागेत बायांच्या टोळीबरोबर विरळणीला जायला लागली. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे, दिवसभर हात वर, मान वर. मुकादम चहा द्यायला टाळाटाळ करायचा. एका दुपारी हिने त्याच्यासमोरच हेल काढला:

"मुकादम आमचा गेला गं माय, चहा न पाजता गेला,
एवढी साखर वाचवली गं, वर कोणाला घालील."

बाया हसून हसून खाली बसल्या. मुकादमही हसला. पण घरी जाऊन त्याने स्वतःच्या आईला सांगितलं, आणि ती दुसऱ्या दिवशी भांडायला बागेत आली. "माझ्या पोराला मारती का गं, भवाने?"

"मावशी, त्याला चहा द्यायला सांगा, मी लगेच जित्ता करते."

चहा सुरू झाला. ती मावशी मात्र आमच्या घरी पुन्हा कधी आली नाही.

धाकटीला ओझरला दिलं. नवरा कारखान्यात कंत्राटावर होता. चारेक वर्षांनी ते वेगळे झाले. त्याने सोडलं असं लोक म्हणतात, मी सोडलं असं ती म्हणते. ती तिथेच एका खोलीत राहिली आणि कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागली. कोणीतरी म्हणालं तुझा आवाज चांगला आहे, तर एका हळदीच्या ऑर्केस्ट्रात गेली. सिनेमाचं गाणं दिलं होतं. गाणं तिने नीट पाठ केलं, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा आवाज आपोआप लांबायचा आणि मोडायचा. नवरीची आजी रडायला लागली, तिला बघून नवरी रडायला लागली. नवऱ्या मुलाचा मामा स्टेजवर चढला. "बाई, हळद हाय, मयत नाय." जिलेबीचा पुडा हातात देऊन तिला परत पाठवलं. तो पुडा घेऊन ती सरळ माझ्याकडे आली आणि आम्ही दोघींनी ती जिलेबी खाल्ली.

मी नाशिकला गंगापूर रोडवर तीन घरी स्वयंपाक करते. मला टायफॉईड झाला तेव्हा दहा दिवस माझ्या जागी ती गेली. त्यातल्या एका घरच्या मॅडम कॉलेजात शिकवायच्या, आता घरीच असतात. त्यांचा मिक्सर बंद पडला होता. ही कणीक मळता मळता मिक्सरचा हेल काढत होती: "सगळ्यांचं वाटून दिलं गं, स्वतः रिकामा गेला." मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी ते फोनमध्ये भरून घेतलं आणि ओळखीच्या लोकांना पाठवलं.

मी बरी होऊन कामावर गेले तर मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला हे कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "शिकवलं नाही. आमच्याकडे रडतात तसं आहे ते."

मॅडमनीच तिचा पहिला कार्यक्रम कॉलेजच्या एका छोट्या हॉलमध्ये ठेवला. पेटी नाही, तबला नाही. स्टेजवर सतरंजी टाकून ती आईसारखी एक गुडघा उभा करून बसली आणि तळहाताने मांडीवर ताल धरला. विरळणी करणाऱ्या बायांच्या बोटांवर गाणं होतं, न थांबता गेलेल्या एसटीवर होतं, कँटीनमध्ये रोज उरणाऱ्या भातावर होतं. सगळी तिची स्वतःची. पहिलं गाणं संपलं तर कोणी हलेना. टाळ्या वाजवाव्यात की नाही हेच लोकांना कळेना. तिने मला बसलेलं पाहिलं आणि माइकमध्येच विचारलं, "आक्का, आवडलं नाय का यांना?" मग सगळे हसले आणि टाळ्या पडल्या. पुढे ती आधीच सांगायला लागली, "टाळ्या वाजवू नका, मयताला कोणी वाजवतं का? मधे पाणी प्या पाहिजे तर."

त्यानंतर तिला पुण्याहून बोलावणं आलं, कोल्हापूरहून आलं. पेपरात फोटो आला. कोणी म्हणालं असं कोणी ऐकलंच नाही, कोणी म्हणालं हे गाणंच नाही. एका मोठ्या गाणाऱ्यांनी तिला समोर बसवून ऐकलं आणि सांगितलं की तुमचा आवाज कुठल्याच सुरावर उभा राहत नाही. ती मला विचारत होती, "सूर कुठं असतो गं आक्का? मी कधी बघितला नाय." एकदा बोलावलेले लोक दुसऱ्यांदा बोलावतीलच असं नसायचं. तरी तिने कँटीनचं काम सोडलं. मला भीती वाटली, पण ती खूश होती. लग्नानंतर मी तिला तेवढं खूश पाहिलं नव्हतं.

याच काळात आईचं विसरणं सुरू झालं. आधी मीठ दोनदा टाकायची. मग गावातल्या गावात वाट चुकली. एकदा कालव्याच्या काठी सापडली. दादा, आमचा मोठा भाऊ, आणि वहिनी दिवसभर बागेत असतात, घरी लक्ष ठेवायला कोणी नाही. म्हणून तिला माझ्याकडे आणलं. आमच्या ह्यांनी बाहेरच्या खोलीत तिची खाट टाकून दिली. ह्यांची रात्रपाळी असते, मी कामावर असले की ते घरी असायचे. दादा भाजीच्या बाजाराला आला की चार दिवसांआड येऊन जायचा, दूध आणि पालेभाजी ठेवून आईचे पाय चेपत बसायचा. धाकटी दर रविवारी यायची. आई दोघांनाही ओळखायची नाही. मला ती "अगं ए बाई" म्हणायची, जशी कामाला ठेवलेल्या बाईला म्हणावं.

दुपारी तीनला मी कामावरून आले की धाकटीचा फोन यायचा. आज आईने काय केलं, हे ती रोज विचारायची. एका दिवशी मी आईच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला तर आत भाकरीचे सहा-सात तुकडे निघाले, वाळलेले, काहींना बुरशी. मी आईला विचारलं तर म्हणाली, "राहू दे. पोरं शाळेतनं येतील." पोरं म्हणजे आम्ही. दादाच्या डोक्यावर आता केस नाहीत.

हे मी धाकटीला सांगितलं. तिने विचारलं, "पापुद्रा होता का भाकरीला? का तो काढून खाल्ला होता?"

"होता. सगळ्याच तुकड्यांना होता."

"म्हणजे चांगला भाग ठेवला तिनं."

ती असं बारीकसारीक नेहमी विचारायची. लेक आहे, जीव तुटतो म्हणून विचारते, असं मला वाटायचं. ते खरंही होतं. आठ दिवसांनी तिने मला फोनवर एक गाणं ऐकवलं.

"चपला इथंच हायेत गं माय, पाय बी इथंच हायेत,
कोणत्या वाटेनं गेली गं माझी आई.
उशीत ठेवली भाकर गं, पापुद्र्याची बाजू,
पोरं मोठी झाली गं, तिला सांगा कोणीतरी."

आणखी बरंच होतं. सगळं मीच सांगितलेलं. आई पंख्याला हात जोडते ते, आरशातल्या बाईला "बसा" म्हणते ते. ऐकताना मी ओट्याला टेकून उभी होते. संपल्यावर ती म्हणाली, "आक्का, जित्या माणसाचा हाय. गाऊ का नको?"

मी तेव्हाच नको म्हणायला पाहिजे होतं. मला मांडवातली थोबाडीतही आठवली. पण गाणं खरं होतं. मी म्हणाले, "चांगलं झालंय."

त्या गाण्याने तिचं नाव झालं. कार्यक्रमात कोणीतरी ते फोनमध्ये भरलं आणि ते सगळीकडे फिरलं. मी काम करते त्या तिसऱ्या घरातल्या आजी ते लावून रडत होत्या आणि मला म्हणाल्या, "बघ गं, कोण बाई आहे ही, काय म्हणते." मी भाजी परतत राहिले.

मग ते सटाण्याकडे आमच्या मामीच्या फोनवर पोचलं. मामीने आवाज ओळखला. आता हेल जिवंत माणसाचाही असू शकतो हे मामीच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. धाकटी आईचा हेल काढते आहे म्हणजे आई गेली आणि भाच्यांनी आम्हाला कळवलं नाही, एवढंच तिला समजलं. चार बाया घेऊन ती जीपने सरळ दादाच्या गावी गेली आणि रिवाजाप्रमाणे गल्लीच्या तोंडापासून हेल काढत निघाली.

दादा दारात फवारणीचा पंप दुरुस्त करत होता. त्याला वाटलं शेजारी कोणी गेलं. बाया त्याच्याच दारात शिरल्या आणि मामी त्याच्या गळ्यात पडली, "आई गेली रे तुझी, माझ्या राजा." दादा होता तिथेच मातीत बसला. त्याला वाटलं, आई नाशिकला वारली आणि मी त्याला सांगितलं नाही. गल्ली गोळा झाली. कोणीतरी पाणी आणलं. वहिनीने मला फोन लावला. मी म्हटलं, "आई इथे लसूण सोलतेय." तेव्हा कुठे खरं काय ते कळलं.

मामीला तरी डोळ्यांनी बघायचं होतं. सगळे त्याच जीपमध्ये बसून माझ्याकडे आले. आई खाटेवर होती.

"अय माय, जित्ती शे!" मामी म्हणाली आणि खाली बसून पुन्हा रडायला लागली.

आईने त्या सगळ्यांचे सुजलेले डोळे पाहिले. लसणाचं ताट बाजूला सारलं. "कोण गेलं गं?"

आईने परत विचारलं. मग तिने गुडघा उभा केला, पदर डोक्यावर घेतला आणि हेल काढला. माझं नाव तिला आठवत नव्हतं, पण हेल जसाच्या तसा होता.

"कोण होती गं बाई, कोणाची आई होती,
नाव सांगा गं तिचं, नावावाचून कशी रडू."

त्या बाया रडल्या तशा मी कोणाला रडताना पाहिलं नाही. दादाने आईचे दोन्ही हात धरले. "आई, गप. कोणी नाय गेलं. आई."

चहा झाल्यावर दादा बोलला. ओरडला नाही. "मी दोन मिनिटं मातीत बसलो होतो. तेवढी दोन मिनिटं माझी आई मेलेली होती. ती दोन मिनिटं ती मला परत देणार हाय का?" मग म्हणाला, "तिनं आईच्या समोर यायचं नाय. आली असं मला कळलं त्या दिवशी मी आईला घेऊन जाईन. मग तू बी बोलू नको."

गाणं त्याने जीपमध्ये मामीच्या फोनवर ऐकलं होतं. जायच्या आधी त्याने विचारलं, "आणि हे भाकरीचं तिला सांगितलं कोणी? घरातली गोष्ट ही."

आमचे हे माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं. मी कपबशा गोळा करत होते. मी म्हणाले, "रविवारी येते ना ती. बघितलं असेल."

दादा मान हलवून गेला. एवढं बोलून मी सगळं धाकटीच्या अंगावर टाकलं, आणि ते मला त्याच क्षणी कळत होतं.

धाकटीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ठीक हाय. नाय गात मी ते." तिने खरंच पुढच्या कार्यक्रमात ते गायलं नाही. लोक शेवटपर्यंत त्याचीच वाट बघत बसले. मग ओरडायला लागले, आईचं म्हणा, आईचं म्हणा. ती उठून गेली. आयोजक मागे धावले, हातापाया पडले. ती परत येऊन बसली आणि गायली. मला म्हणाली, "आक्का, मी आता दुसरं काय बी म्हटलं तरी ते ऐकत नायत. ते आईचीच वाट बघतात. मी बी आईचीच वाट बघते. मग काय करू?"

ती रविवारी येईना. दुपारचा फोन मात्र चुकत नव्हता, आणि मी सांगायचंही सोडत नव्हते. सोडलं असतं तर तिला आई एवढीसुद्धा राहिली नसती.

असे दोनेक महिने गेले. एका दुपारी दार वाजलं. ती उभी होती. बॅग खांद्याला, कुठल्यातरी कार्यक्रमाहून परस्पर आलेली.

"पाच मिनिटं, आक्का. लांबून बघते."

मला दार लावता आलं असतं. दादा आदल्या दिवशीच येऊन गेला होता, तीन दिवस तो येणार नव्हता, हे मी मनात मोजलं आणि बाजूला झाले.

लांबून बघते म्हणाली आणि खाटेजवळ जाऊन खालीच बसली. नुसती रडायला लागली. आईने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"कोण गेलं गं तुझं?"

धाकटी म्हणाली, "आई."

आईने तिचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. "रडू नको बाई. आईबाप काय जन्माला पुरतात का? माझी बी गेली." आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मला म्हणाली, "अगं ए बाई, उभी काय राहिली? हिची आई गेलीया. हिला कडू घास दे."

ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरे जेवण आणतात आणि घरच्यांना बळेच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. मी वरणभात कालवून ताट आणलं. आईने ताट माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या हाताने तिला भरवलं. भरवताना म्हणत होती, "खा. मागं राहिलेल्यानं खावं लागतं." धाकटीने सगळा भात खाल्ला. आई बरं वाटून हसली आणि पडल्या पडल्या झोपली.

दारात चपला घालताना धाकटी म्हणाली, "हे मी नाय गाणार, आक्का. हे कधीच नाय." मी तिला काही विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दादा आला. पाय चेपत बसला. आई एरवी त्याच्याशी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "ती पोरगी परत आली नाय का रे? आई गेली बिचारीची. मी कडू घास भरवला तिला."

दादाचे हात थांबले. "कोण आलं होतं?"

शेजारची म्हणता आलं असतं. पण आईने भरवलेलं होतं, ते मला खोटं करावंसं वाटलं नाही. मी म्हणाले, "धाकटी."

त्याने आईच्या पायांवर चादर ओढली. मग म्हणाला, "कपडे भर तिचे." मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मुलगा आहे तो. आपण काय बोलणार?" तीन लुगडी, चष्मा, गोळ्यांचा डबा. आईला वाटलं तिला गावाला लग्नाला नेतायत. टेम्पोत पुढे बसवली तर ती खुशीत होती. भाकरीचं मी सांगितलं होतं, गाणं ऐकून चांगलं झालंय मीच म्हणाले होते, हे त्याला सांगायला मी टेम्पोच्या खिडकीपाशी गेले. दादा म्हणाला, "हात काढ, काच लावतो."

पंधरा दिवसांनी रविवारी मी गावी गेले. वहिनी आता स्वतः घरी राहतात, बागेत एकट्या दादालाच पाठवतात. आई स्वच्छ होती, नखं कापलेली, अंगावर धुतलेलं लुगडं. पण डोक्यावर केस नव्हते. बोटभरसुद्धा नाही. आईचे केस एवढ्या वयातही कमरेपर्यंत होते. बाबा गेले तेव्हाही ते कोणी कापले नव्हते.

वहिनी घाबरून माझ्याकडे बघत होत्या. "उवा झाल्या होत्या, ताई. फणी लावू देईना, चावायला यायची. काय करू मी? मला बी रडू आलं कापताना."

मी म्हणाले, "बरोबर केलं तुम्ही." खरंच दुसरं काय करता आलं असतं? आई आपल्या डोक्यावरून हात फिरवत होती, लहान मूल नवीन टोपीवरून फिरवतं तसा.

दुसऱ्या दिवशी तीनला धाकटीचा फोन आला. "बघितली का? कशी हाय?"

"बरी आहे."

"काय करते?"

मी डोक्याचं सांगणार होते. पण तिचा आवाज असा होता की माझ्याने होईना. मी म्हणाले, "वहिनी चांगलं करतात तिचं. रोज वेणी घालतात."

"वेणी? आई घालू देते?"

"देते."

"तेल लावतात का आधी? शेवटाला काय बांधतात, दोरा का रिबन?"

"तेल लावतात. काळा दोरा बांधतात."

ती म्हणाली, "बरं झालं बाई." तिला एवढं बरं वाटलेलं मी खूप दिवसांनी ऐकलं. फोन ठेवल्यावर मी ठरवलं की उद्या खरं सांगायचं. उद्या झालं नाही. परवाही नाही.

मागच्या आठवड्यात तिने फोन केला तेव्हा ती घाईत होती आणि आनंदात होती. कालच्या कार्यक्रमात गाण्यात नवीन ओळ घातली, लोक फार रडले, म्हणाली. आणि फोनवरच म्हणून दाखवली:

"वेणी घालते भावजय गं, परक्या घरची लेक,
फणीत अडकला केस गं, माझ्यासाठी ठेव एक."

"वहिनीचं चांगलंच म्हटलंय ना, आक्का? दादाला कळेल मी वाईट मनात धरलं नाय. ऐकून तरी बोलवेल मला. मी त्यालाच पहिलं पाठवलंय."

मी म्हणाले, "कधी पाठवलंस?"

"मघाशीच."

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. त्या रडत होत्या. मागे दादा काहीतरी मोठ्याने बोलत होता, शब्द कळत नव्हते. वहिनी म्हणाल्या, "ताई, तिला केसांचं तुम्हीच सांगितलं ना? मी का हौसेनं कापले? जगासमोर मला असा टोमणा मारायचा? मी तिचं काय वाकडं केलं होतं?"

मी फोन कानाला धरून उभी राहिले. मी तिला वेणी सांगितली होती, असं म्हणायचं होतं. टोमणा नाही तो, तिला माहीतच नाही, असं म्हणायचं होतं. वहिनींनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बरोबर तीनला धाकटीचा फोन वाजला.

"काय म्हणाला गं दादा? ऐकलं का त्यानं?"

मी म्हणाले, "अजून ऐकलं नसेल. बागेत असतो ना तो दिवसभर."